तुटलेल्या रेषेचा माग

अमेरिकेचे १८५१ चे एक सेंटचे निळे तिकीट हवे आहे असे जाणत्या विक्रेत्याला सांगितले, की तो आधी उलट विचारतो : कोणत्या टाइपचे? सगळ्यांवर बेंजामिन फ्रँकलिनचा तोच उजवीकडे पाहणारा अर्धपुतळा, वर ‘यू. एस. पोस्टेज’, खाली ‘वन सेंट’, रंगही तोच निळा. तरीही एक प्रत घरखर्चातून चार पैसे बाजूला टाकून घेता येते आणि दुसरीसाठी राहता फ्लॅट विकायला काढावा लागेल. अक्षरांच्या पट्टीबाहेरून जाणारी एक वक्र रेषा सलग आहे की मध्येच तुटली आहे, आणि खालच्या वेलबुट्टीची टोके आत वळून त्यांचे बारीक गोळे झाले आहेत की नाहीत, यावर हा सगळा भाव ठरतो.

हे ओळखायला शिकायचे कसे? बहुतेक जण स्कॉट कॅटलॉगातली मोठी करून छापलेली चित्रे समोर ठेवतात आणि जुळवत बसतात. या पद्धतीवर माझा फारसा विश्वास नाही. कॅटलॉगातले चित्र उत्तम प्रतीचे असते. आपल्या हातातल्या प्रतीवर शिक्का नेमका हव्या त्या रेषेवर बसलेला असतो, नाहीतर तेव्हाच्या कुणा पोस्टमास्तराने कात्री चालवताना तीच कड उडवलेली असते. मग मन हळूच महागड्या टाइपकडे झुकते आणि डोळे मनाचे ऐकतात. म्हणून या पुस्तकात प्रकाराचे नाव नंतर येते. आधी येते ती तो प्रकार कारखान्यात कसा जन्मला याची हकिगत. ती कळली, की तिकिटावर कुठे पाहायचे आणि काय दिसणे शक्यच नाही, अशा दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. यातले दुसरे उत्तर जास्त कामाचे. बनावट माल बहुधा त्यानेच उघडा पडतो.

कारखान्यातले काम पोलादाचे होते. जेकब पर्किन्स या अमेरिकन कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोटांच्या छपाईसाठी बसवलेली पद्धत पुढे तिकिटांनाही लागू झाली. मऊ पोलादाच्या तुकड्यावर एकच तिकीट उलटे आणि खोलगट कोरायचे, ही डाय. तिला पाणी देऊन कडक करायचे. मग मऊ पोलादाचा रोलर प्रचंड दाबाखाली तिच्यावर फिरवायचा, म्हणजे डायवरचे खोलगट काम रोलरवर उठावात उतरते. आता रोलरला पाणी द्यायचे आणि पाट्यावर वरवंटा मागेपुढे न्यावा तसा तो मोठ्या मऊ प्लेटवर एकेका जागी दाबून फिरवायचा. अशा दोनशे जागा, शंभर डाव्या भागात आणि शंभर उजव्या. छापताना शाई खोलगट रेषांत भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद प्लेटवर दाबायचा.

या दोनशे दाबांत माणसाचा हात आहे, आणि आपला विषय तिथेच सुरू होतो. रोलर पुरेसा पुढे नेला नाही, तर तिकिटाचा माथा किंवा तळ अपुरा उतरतो. जागा किंचित चुकली, तर ठसा घासून बुजवून पुन्हा दाबावा लागतो. बुजवणे नीट झाले नसेल, तर जुन्या ठशाच्या रेषा नव्याच्या शेजारी डोकावत राहतात. यालाच संग्राहक डबल ट्रान्सफर म्हणतात. रेषा फारच पुसट आली, तर कारागीर हातात कोरणी घेऊन प्लेटवरच ती पुन्हा ओढतो. हजारो कागद छापून प्लेट झिजते, कधी तिला तडा जातो. हे सारे प्लेटमध्ये कोरलेले असल्यामुळे त्या जागेवरून निघणाऱ्या प्रत्येक तिकिटावर उमटते. एखाद्याच कागदावर शाईचा थेंब पडला, सुरकुती पडली, तर तो प्रकार वेगळा. त्याची गंमत वाटू शकते, पण त्याला ‘व्हरायटी’ म्हणून मिरवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्या संग्राहकांची नजर १८५४ च्या अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटांवर तयार झालेली असते. ती कलकत्त्याला कॅप्टन थुइलिअर यांच्या देखरेखीखाली शिळाछापाने निघाली आणि त्यांच्यातही डाय एक, दोन, तीन असे भेद पाहावे लागतात. ती सवय इथे उपयोगी पडते, तशी घातही करते. शिळेवर रेषा पसरते, फाटते, डाग धरते. पोलादावर ती पुसट होते, दुहेरी होते किंवा कोरणी फिरल्यामुळे जाड होते. शिळाछापाच्या नजरेने अमेरिकन तिकीट पाहिले, की नको त्या ठिपक्यांवर वेळ जातो.

आता पुन्हा त्या निळ्या फ्रँकलिनकडे. फिलाडेल्फियाच्या टॉपन, कारपेंटर, कॅसिलियर कंपनीने तो १ जुलै १८५१ पासून पुरवायला सुरुवात केली. डायवर कोरलेले चित्र उंचीला मोठे होते आणि प्लेटवर दोनशे जागा बसवायच्या होत्या. साहजिकच रोलरवरच्या उठावाच्या कडा तासल्या गेल्या, आणि कुठे किती तासले यावरून टाइप पडले. डायवरचे जवळजवळ संपूर्ण चित्र म्हणजे टाइप एक : वर-खालच्या वक्र रेषा सलग, खालच्या वेलबुट्टीचे गोळे शाबूत. गोळे गेले पण रेषा सलग राहिल्या, तर टाइप दोन. वरची आणि खालची अशा दोन्ही रेषा मधोमध तुटल्या, तर टाइप तीन. एकच तुटली, तर तीन-अ. तुटलेल्या किंवा पुसट रेषा कोरणीने पुन्हा ओढल्या असतील, तर टाइप चार.

जागेचा पत्ता लिहायची एक सुटसुटीत रीत आहे. शंभराच्या भागात डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ मोजत जायचे. मग भाग डावा की उजवा, मग प्लेटचा क्रमांक, मग प्लेटची अवस्था. ‘७ आर १ ई’ म्हणजे पहिल्या प्लेटच्या सुरुवातीच्या अवस्थेतली उजव्या भागातली सातवी जागा. छिद्रे नसलेल्या एक सेंटच्या तिकिटांत खरा टाइप एक मिळतो तो या एकाच जागेवर. शेजारच्या काही जागांवर चित्र जवळपास तितकेच भरलेले आहे, पण खालचे गोळे आणि पिसारे तेवढे स्पष्ट नाहीत. त्यांना एक-ब म्हणतात. १८५२ मध्ये ही प्लेट पुन्हा कामाला घेतली गेली, ठसे नव्याने दाबले गेले आणि वक्र रेषा हाताने ओढल्या गेल्या. पहिल्या प्लेटची ही उत्तरार्धातली अवस्था टाइप चारची खाण आहे. सातव्या जागेचे वैभव तिथेच संपले.

भिंगाखाली टाइप चार पाहताना रेषा आहे की नाही, एवढे पाहून थांबू नये. ती कशी आहे ते पाहावे. रोलरने आलेली रेषा एकसारखी बारीक असते. हाताने ओढलेली मध्ये जाड, टोकाला निमुळती होते, कधी अक्षरपट्टीच्या जरा जास्तच जवळ सरकते, कधी वर एकदा आणि खाली दोनदा ओढलेली असते. उलट टाइप तीनमध्ये तुटलेल्या जागी कोरा कागद दिसायला हवा. तिथे शिक्क्याची काळी शाई असेल, तर निर्णय राखून ठेवावा. ‘९९ आर २’ ही टाइप तीनची सर्वांत गाजलेली जागा. दुसऱ्या प्लेटवर बहुतेक शेजारी टाइप दोनचे असताना तिच्या रेषा मात्र रुंद अंतराने तुटलेल्या आहेत. ही फट जितकी रुंद, तितकी किंमत चढी.

हे सगळे आपल्याला आयते मिळाले आहे ते स्टॅन्ली अॅशब्रुक यांच्यामुळे. एक सेंटच्या या तिकिटावर त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९३८ मध्ये आला. त्याआधी १९२९ मध्ये डॉ. कॅरल चेस यांनी तीन सेंटच्या तिकिटाचा ग्रंथ काढला होता. तीन सेंटचे वॉशिंग्टन तिकीट म्हणजे तेव्हाच्या अमेरिकेचा रोजचा टपालखर्च : आगाऊ पैसे भरले, तर साध्या पत्राला ३००० मैलांपर्यंत तीन सेंट. त्यामुळे ते अमाप छापले गेले आणि आजही सहज मिळते. नवख्याने सुरुवात इथूनच करावी, असा माझा आग्रह आहे. याच्या चौकटीच्या बाहेरच्या रेषा प्लेटवर हाताने ओढलेल्या आहेत. हात माणसाचा असल्याने कुठे रेषा कोपऱ्याबाहेर घसरली, कुठे आखूड पडली, कुठे आतही एक जादा रेषा आली. प्रत्येक जागेची खूण वेगळी, म्हणून प्रत्येक तिकीट प्लेटवरच्या आपल्या जागी परत ठेवता येते. चेस यांनी ते करून दाखवले. पेशाने ते डॉक्टर होते. रोगनिदानाची चिकाटी इथे कामी आली असावी, असे मला उगीचच वाटते.

१८५७ मध्ये तिकिटांना छिद्रे आली. यंत्र इंग्लंडच्या बेमरोज कंपनीचे, छिद्रांचे माप १५½, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये इतके दाते. पण प्लेटा कात्रीच्या जमान्यात आखलेल्या होत्या. दोन तिकिटांमध्ये छिद्रांना जागाच नव्हती. जुन्या प्लेटांवरची छिद्रे चित्रात घुसली. यावर कंपनीने जे उपाय केले, त्यांतून पुढचे प्रकार निघाले. एक सेंटच्या बाजूची वेलबुट्टीही तासली गेली आणि टाइप पाच तयार झाला. तीन सेंटच्या वर-खालच्या चौकटरेषा काढून टाकल्या. बाजूच्या रेषा मात्र काही प्लेटांवर उभ्या स्तंभात वरपासून खालपर्यंत सलग ओढल्या, काहींवर प्रत्येक तिकिटापुरत्या. सुटे तिकीट हातात असेल, तर वरच्या आणि खालच्या टोकाला बाजूची रेषा छिद्रांमध्ये निघून जाते की त्याआधीच संपते, ते पाहायचे.

छिद्रे नसलेली तिकिटे महाग म्हटल्यावर छिद्रे कापून टाकणारे आलेच. इथे कारणाचे ज्ञान हाताशी येते. टाइप पाच छिद्रांच्या काळातल्या प्लेटांवरच होता. त्यामुळे चारही कडा सरळ असलेले टाइप पाचचे तिकीट कुणी ‘१८५१ चे’ म्हणून पुढे केले, तर मापपट्टीही काढायची गरज नाही.

१८४७ ची पहिली दोन तिकिटे, पाच सेंटचा फ्रँकलिन आणि दहा सेंटचा वॉशिंग्टन, या पुस्तकात थोडक्यात आटोपली आहेत. न्यूयॉर्कच्या रॉडन, राइट, हॅच अँड एडसन यांनी ती छापली, चार वर्षे चालली आणि १ जुलै १८५१ ला बाद झाली. त्यांच्यात डबल ट्रान्सफर आहेत, पण सामान्य संग्राहकाला भेडसावतात त्या १८७५ मधल्या सरकारी प्रतिकृती. फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनाच्या निमित्ताने त्या नव्या डायवरून काढल्या. पाच सेंटमध्ये शर्टाच्या पांढऱ्या झालरीची डावी कड लंबगोलाला कुठे भिडते ते पाहावे : मूळ तिकिटात ‘फाइव्ह’मधल्या ‘एफ’च्या माथ्याच्या पातळीवर, प्रतिकृतीत त्याहून खाली, पाचाच्या आकड्याच्या माथ्याजवळ. दहा सेंटच्या प्रतिकृतीतले वॉशिंग्टन झोपाळू डोळ्यांचे आहेत आणि डाव्या गालाजवळच्या केसांच्या वळणात ठसठशीत काळा ठिपका आहे. मुळात तो अगदी फिकट.

मग १८६१ चे यादवी युद्ध, ज्याने मुंबईच्या कापूसबाजाराला सोन्याचे दिवस दाखवले. दक्षिणेतल्या पोस्टांत पडून असलेला तिकिटांचा साठा बंडखोरांना वापरता येऊ नये म्हणून वॉशिंग्टनच्या सरकारने आधीची सगळी तिकिटे बाद केली आणि न्यूयॉर्कच्या नॅशनल बँक नोट कंपनीकडून नवी काढली. याचा एक परिणाम ध्यानात ठेवण्याजोगा. १८६० मध्ये निघालेले ९० सेंटचे तिकीट वर्षभरातच बाद झाले. त्यामुळे ते न वापरलेले जितके मिळते, त्या मानाने खऱ्या शिक्क्याचे फारच दुर्मीळ. बाजारात दिसणारे बहुसंख्य शिक्के नंतर मारलेले आहेत असेच धरून चालावे. १८६१ च्या संचातले मुख्य काम दहा सेंटच्या दोन प्रकारांचे. ताऱ्यांखाली ठळक वक्र रेषा आणि वरच्या नक्षीला बाहेरून जोडलेली रेषा असेल, तर ते नेहमीचे. नसेल, तर आधीच्या प्लेटचे आणि दुर्मीळ.

ग्रिल हे प्रकरण मात्र लांबले आहे, आणि ते जाणूनबुजून. वापरलेल्या तिकिटावरची शाई धुऊन ते पुन्हा चिकटवले जाते, अशी टपाल खात्याला धास्ती होती. चार्ल्स स्टील यांच्या पेटंटाप्रमाणे १८६७ पासून तिकिटांवर बारीक पिरॅमिडांची जाळी दाबली जाऊ लागली. कागदाचे तंतू तुटावेत आणि शिक्क्याची शाई आत झिरपावी, ही कल्पना. जाळीचे आकार बदलत गेले आणि विल्यम स्टीव्हन्सन यांनी त्यांना अक्षरे देऊन वर्ग पाडले. ओळख पटते ती लांबी-रुंदीने आणि टोकांच्या मोजणीने : ई ग्रिल साधारण ११ बाय १३ मिलिमीटर, एफ ९ बाय १३, झेड ११ बाय १४. झेडची आणखी एक पक्की खूण म्हणजे टोकांवरच्या बारीक कडा आडव्या असतात. इतर ग्रिलांत त्या उभ्या.

एक सेंटचा झेड ग्रिल जगात दोनच प्रतींत ज्ञात आहे. एक न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या मिलर संग्रहातला. दुसरा जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. समोरून पाहिले, तर हेच निळे तिकीट ग्रिलशिवाय कुठल्याही अल्बममध्ये सापडेल. अशा वेळी साध्या तिकिटावर घरी जाळी उमटवणारे कमी का असतील? बनावट ग्रिल टोकांच्या संख्येत चुकते, कडांच्या दिशेत चुकते, किंवा कागद तुटण्याऐवजी नुसता दबलेला असतो. तिकीट पालथे घालून बाजूने तिरका उजेड टाकावा. तिथे टोके मोजता आली नाहीत, तर लायटरमध्ये भरतात ते पेट्रोल काळ्या ताटलीत घेऊन तिकीट पालथेच बुडवावे. जाळीचा नकाशा क्षणभर वर येतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि आसपास उदबत्तीसुद्धा पेटलेली नसावी.

१८६९ च्या चित्रमय तिकिटांवर मी फार रेंगाळलो नाही. लोकांना ती तेव्हा आवडली नव्हती, आज सगळ्यांना आवडतात. १५ सेंटच्या कोलंबसाच्या चित्राभोवती चौकटरेषा आणि माथ्यावर हिऱ्याच्या आकाराची खूण असेल, तर टाइप दोन, नसेल तर टाइप एक. उलट्या चित्राची प्रसिद्ध चूक टाइप दोनमध्येच आढळते.

१८७० नंतरच्या ‘बँक नोट’ तिकिटांनी संग्राहकांचा जितका अंत पाहिला, तितका कुणीच नाही. तेच चेहरे एकामागून एक तीन कंपन्यांनी छापले : नॅशनल, १८७३ पासून कॉन्टिनेंटल, १८७९ पासून अमेरिकन. काम हाती आल्यावर कॉन्टिनेंटलने आपली छपाई वेगळी ओळखू यावी म्हणून बारीक गुप्त खुणा कोरल्या. एक सेंटमध्ये आकड्याच्या डावीकडच्या मोत्यात नखाएवढी वक्र रेघ. तीन सेंटमध्ये डाव्या फितीच्या वरच्या शेपटाखाली गडद छाया. सात सेंटमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या गोळ्यापाशी दोन छोटी अर्धवर्तुळे. बारा सेंटमध्ये दोनाच्या आकड्याचे गोळे चंद्रकोरीसारखे. जड शाईचा शिक्का यांतले काहीही गिळून टाकू शकतो, म्हणून हलक्या शिक्क्याच्या प्रती जमवाव्यात, त्या थोड्या फाटक्या असल्या तरी चालतील.

कॉन्टिनेंटल आणि अमेरिकन यांच्यातला फरक चित्रात शोधू नये. प्लेटा त्याच वारशाने आल्या, खुणाही त्याच. बदलला तो कागद. आधीचा कडक, काहीसा पारदर्शक. चिमट्यात धरून टिचकी मारली तर खडखडतो. नंतरचा मऊ आणि सच्छिद्र. उजेडात धरला तर आत विणीसारखी जाळी दिसते. चार-सहा स्वस्त प्रती शेजारी ठेवून डोळे सरावल्याशिवाय हा फरक सांगता येत नाही. ३० आणि ९० सेंटच्या तिकिटांवर कॉन्टिनेंटलच्या गुप्त खुणा नाहीतच. तिथे रंगाच्या छटेवर निकाल द्यावा लागतो, आणि छटेबद्दल दोन तज्ज्ञ भांडू शकतात.

रंगाचेही तसेच. तीन सेंटच्या १८५१ च्या पहिल्या छपाईचा नारिंगी तपकिरी आणि पुढचा मळकट लाल यांत किमतीचा मोठा फरक आहे, पण उन्हाने, दमट हवेने आणि धुण्याने शाई बदलते. मुंबईच्या पावसाळ्यात ठेवलेल्या तिकिटाची छटा मोबाइलच्या पडद्यावरच्या चित्राशी ताडून पाहणे हा शुद्ध वेळेचा अपव्यय. दिवसाच्या उजेडात, खात्रीच्या प्रतीशेजारी ठेवून पाहावे. तिकीट लिफाफ्यावर असेल, तर सोडवू नये. त्या काळातल्या अमेरिकन शिक्क्यांत गाव, महिना आणि तारीख असते, वर्ष बहुधा नसते. ते मिळते आतल्या पत्राच्या माथ्यावर किंवा घेणाऱ्याने कडेला केलेल्या नोंदीत. वर्ष हाती आले, की संभाव्य प्लेटा आणि छटा निम्म्याने कमी होतात.

दहापट भिंग, छिद्रमापक, मिलिमीटरची पट्टी आणि काळी ताटली एवढ्यावर या पुस्तकातले बहुतेक काम भागते. मोठ्या रकमेची खरेदी असेल, तर न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र मागावे. ही संस्था १९४५ पासून हेच काम करते आहे. प्रमाणपत्रावरचे छायाचित्र आणि हातातले तिकीट यांची छिद्रे एकेक करून ताडायला विसरू नये. जुने प्रमाणपत्र भलत्या तिकिटाला जोडणारे महाभागही आहेत.

पोस्टमास्तरांनी १८४७ पूर्वी आपापल्या गावी काढलेली तिकिटे, खासगी डाकवाल्यांची तिकिटे आणि दक्षिणेच्या बंडखोर सरकारची तिकिटे मी या पुस्तकात घेतलेली नाहीत. त्यांची छपाई निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या पद्धतींनी झाली, आणि पोलादी प्लेटवरून केलेले इथले तर्क तिथे लागू पडत नाहीत. शेवटची सीमाही मी छापखान्यावरूनच आखली आहे. १८९४ मध्ये तिकिटांचे काम खासगी कंपन्यांकडून सरकारच्या ब्युरो ऑफ एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंगकडे गेले आणि पुढच्याच वर्षी कागदात वॉटरमार्क आला. तिथून पुढे तिकीट आधी पेट्रोलच्या ताटलीत जाते आणि भिंगाखाली नंतर येते. त्या कामासाठी वेगळे पुस्तक लागेल.